कोकणातली ‘बाग’ बघायला जाताय? आधी बाग, वाडी आणि कुळागर यांतला फरक समजून घ्या!

मंडळी, पुण्या-मुंबईचा माणूस कोकणात पहिल्यांदा गेला आणि कुणी म्हणालं, "चला, आमची बाग दाखवतो," की त्याच्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजं आणि ‘फुले तोडू नयेत’ची पाटी येते. प्रत्यक्षात त्याला नेलं जातं ते तापलेल्या कातळावरच्या हापूसच्या कलमांत. बसायला बाकडं नसतं, पायाखाली वाळलेलं गवत असतं आणि कुठून तरी माकडं हाकलायला डबा वाजवल्याचा आवाज येत असतो. निराश होऊ नका. बघण्यासारखं इथे शहरातल्या कुठल्याही उद्यानापेक्षा जास्त आहे, फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

गेल्या काही वर्षांत ‘बाग दर्शन’, ‘मँगो टूर’, ‘स्पाइस प्लांटेशन व्हिजिट’ अशा नावांनी या बागा पर्यटनाच्या नकाशावर आल्या आहेत. काही सरकारी आहेत, बहुतेक खासगी. काही तिकीट लावून दाखवल्या जातात, काही निव्वळ ओळखीवर. त्यातल्या कुठे जायचं, कधी जायचं आणि गेल्यावर कसं वागायचं, हे एकदा नीट समजून घेऊया.

बाग वेगळी, वाडी वेगळी

कोकणात शब्द नेमके आहेत. ‘बाग’ म्हणजे साधारणपणे आंबा किंवा काजूची, डोंगरउतारावरची नाहीतर कातळावरची. ‘वाडी’ किंवा ‘आगर’ म्हणजे नारळ-पोफळीची, समुद्राजवळच्या सपाट रेताड जमिनीतली, विहिरीच्या पाण्यावर जगणारी. (वस्तीलाही वाडीच म्हणतात, त्यामुळे पत्ता विचारताना घोळ होतो तो वेगळा.) गोव्यात, विशेषतः फोंडा तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याच्या पाण्यावर वाढवलेल्या मिश्र बागेला ‘कुळागर’ म्हणतात. आणि घरामागे चार केळी, अळू, कढीपत्ता, जास्वंद असेल तर ते झालं ‘परस’.

तिन्ही प्रकारांत दिसणारं जग अगदी वेगळं आहे, त्यामुळे एक बघितली म्हणजे सगळ्या बघितल्या असं होत नाही.

वाडी : एकाच जमिनीचे चार मजले

गुहागर, दिवेआगर, मुरुड, आंजर्ले, केळशी, नागाव ही गावं आठवून बघा. रस्त्याला लागून घर, घरामागे लांबलचक वाडी आणि वाडी संपली की सुरूची झाडं, मग समुद्र. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त घराची पडवी दिसते, वाडी दिसतच नाही. ती बघायची तर घरातूनच आत जावं लागतं. म्हणूनच वाडी बघणं हे कोकणात नेहमीच ‘पाहुणा’ होऊन करायचं काम राहिलं आहे.

आत शिरलात की आधी वर बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर नारळ. त्याखाली सडपातळ पोफळी. पोफळीच्या खोडावर चढलेली मिरवेल, कुठे पानवेल. त्याखाली जायफळ, दालचिनी, केळी आणि अगदी जमिनीलगत अननस, आलं, हळद. मूठभर जागेत एवढी गर्दी चालते याचं कारण ऊन. नारळाची झावळी बरंचसं ऊन खाली सोडते आणि मिरी, जायफळ यांना कडक ऊन नकोच असतं. विद्यापीठाच्या शिफारशीनुसार नारळात साडेसात मीटर अंतर ठेवतात. मधली ती जागा मोकळी सोडणं वाडीवाल्याला परवडणारं नसतं.

जायफळाचं झाड दिसलं तर मालकाला एक प्रश्न जरूर विचारा : "हे नर की मादी?" जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून वाढवलेलं झाड फुलावर येईपर्यंत ते काय आहे हे कळत नाही आणि त्यात सहा-सात वर्षं सहज जातात. म्हणजे एखाद्याने दहा झाडं पोरासारखी वाढवायची आणि शेवटी कळायचं की निम्मी फळ देणारच नाहीत! यावर उपाय म्हणजे मादी झाडाच्या फांदीचं कलम करणं. कोकमाचंही असंच आहे. त्यामुळे जुन्या वाडीत रातांब्याचं एखादं नुसतंच डेरेदार झाड दिसलं तर ‘फळ का नाही?’ असं विचारून जखमेवर मीठ चोळू नका. तसंही बाकीच्यांना फळ धरायचं तर आसपास नर झाड लागतंच.

वाडीचा प्राण म्हणजे पाणी. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा, बैल किंवा रेडा तो ओढायचा आणि पाटाने पाणी एकेका आळ्यात फिरवलं जायचं. याला ‘शिपणं’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी पंप आणि ठिबक आलंय, पण काही घरांत जुना रहाट जपून ठेवलेला दिसतो. मुलांना तो दाखवाच. पोफळीची गळून पडलेली विरी मिळाली तर त्यावर एकाला बसवून दुसऱ्याने ओढायचं, हा खेळही फुकटात होईल.

३ जून २०२०

दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाडीत आज गेलात तर मध्येमध्ये बरंच आभाळ दिसेल, आणि आजूबाजूला झाडं एकाच वयाची. हे असं का, हे समजून घेतल्याशिवाय ती वाडी कळत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. घरांची छपरं उडाली ती पुढच्या काही महिन्यांत कशीबशी परत बसली. पण वाडी? श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्यांच्यामुळे नावारूपाला आली त्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. आजोबांनी लावलेले माड मुळासकट आडवे झाले. आडवी झालेली झाडं कापून वाडी मोकळी करायलाच खिशातून पैसे घालावे लागले आणि मजूर मिळेनात, कारण सगळ्यांचीच वाडी आडवी होती.

त्यात हिशेबाची गोम अशी की इथल्या वाड्या गुंठ्यांत असतात. नुकसानभरपाई हेक्टरच्या मापाने काढली तर दहा-पंधरा गुंठ्यांच्या मालकाच्या हातात काय पडणार? म्हणून ‘हेक्टर नको, झाडं मोजा’ ही मागणी तेव्हा जोरात झाली होती. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं, उंच जातीच्या नारळालाही साधारण तेवढाच काळ. म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी धीर करून पुन्हा लागवड केली त्यांची घडी बसायला जवळपास दशक जाणार. त्या मधल्या वर्षांत अनेक घरांना आधार कशाचा? तर घरगुती खानावळ, दोन खोल्या आणि ‘वाडी बघायला या’ या आमंत्रणाचा. तेव्हा वाडी दाखवायचे कुणी पैसे मागितले तर ‘झाडं बघायचे कसले पैसे?’ हा पुणेरी प्रश्न गिळून टाकावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हापूसची बाग : आंबा नसतानाही बघण्यासारखी

सगळे जातात मे महिन्यात. आंबा खायला ते ठीक आहे, पण बाग बघायची तर डिसेंबर-जानेवारीत जा. थंडी पडली की कलमं मोहरतात, सगळा डोंगर तांबूस-पिवळा दिसतो आणि वासाने डोकं जड होतं. याच दिवसांत बागायतदाराची झोप उडालेली असते. ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी, अवकाळी पाऊस आला की मोहर काळा. मग फवारण्या. फेब्रुवारीत कणी धरते, त्यातली बरीच आपोआप गळते, आणि उरलेल्यावर वर्षाचा हिशेब ठरतो. त्यात हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. हे टाळण्यासाठी पावसाळ्यात झाडाला ‘कल्टार’ देतात. ते द्यावं की नाही यावर दोन बागायतदारांना बोलतं करा आणि बाजूला बसून ऐका, दुपार मजेत जाईल.

देवगडच्या बाजूला कातळावर उभ्या असलेल्या बागा बघताना मुळाशी बघा. त्या जांभ्या दगडात खड्डा कुदळीने होत नाही. अनेकांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, दुसरीकडून माती आणून भरली आणि त्यात कलम लावलं. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि त्यानंतर कोकणातले उघडे डोंगर झपाट्याने आंबा-काजूखाली आले. आज जे ‘पारंपरिक’ वाटतं त्यातलं कितीतरी याच योजनेतलं आहे.

काढणीच्या दिवसांत गेलात तर झेल्याने आंबा उतरवताना बघायला मिळेल. लांब काठी, टोकाला जाळी आणि आंब्याचा देठ कापणारं पातं. आंबा देठासकट उतरवायचा, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. फळ साधारण ‘चौदा आणे’ तयार झालं की काढतात आणि गवताच्या आढीत पिकवतात. झाडावर पिकलेला आंबा हा शहरी माणसाचा हट्ट आहे. हापूस झाडावर जास्त राहिला तर आत साका धरण्याची भीती असते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा ‘देवगड खरा की रत्नागिरी?’ हा वाद बागेत उभं राहून उकरू नये. ज्याच्या बागेत उभे आहात, त्याचाच खरा!

आणखी एक गोष्ट. बागेत तुम्हाला पहिल्यांदा भेटणारा माणूस मालक असेलच असं नाही. सातबाऱ्यावर अनेक नावं, निम्मे मालक मुंबईत, बाग कराराने दुसऱ्याला दिलेली आणि राखणीला नेपाळहून आलेलं कुटुंब, असं चित्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्रास दिसतं. राखणदाराने ‘आत या’ म्हटलं तरी परवानगी देण्याचा अधिकार त्याचा नसतो आणि पुढे बोलणी त्यालाच खावी लागतात. मालकाला फोन लावून द्यायला सांगा. एवढं केलंत की पुढचं सगळं सोपं होतं.

सरकारी बागा : तिकीट नाही, पण वेळ पाळा

ज्यांची कोकणात कुणाशीच ओळख नाही त्यांच्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे कृषी संशोधन केंद्रं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं. त्याच्या अखत्यारीत किनारपट्टीवर अनेक केंद्रं आहेत, पण सामान्य माणसाने दोन तरी बघावीत.

पहिलं रत्नागिरी शहराला लागून, भाट्ये खाडीचा पूल ओलांडल्यावर समुद्राकाठी असलेलं नारळ संशोधन केंद्र. १९५५ पासून इथे नारळावर काम चालू आहे. कोकणातला नेहमीचा उंच नारळ ‘बाणवली’, म्हणजे गोव्यातल्या बाणावली गावाचं नाव घेऊन आलेला. त्यातूनच निवडलेली ‘प्रताप’ ही जात इथली. पण बघायची ती इथली ‘लाखी बाग’ : नारळाच्या मधल्या जागेत मिरी, जायफळ, दालचिनी, केळी, अननस लावून तेवढ्याच जमिनीत उत्पन्न लाखांत न्यायचं, अशी कल्पना. वर सांगितलेले वाडीचे चार मजले इथे मोजूनमापून, ओळीत बघायला मिळतात. आधी इथे जा आणि मग एखाद्या खासगी वाडीत, म्हणजे पुस्तक आणि प्रत्यक्ष यांतली गंमत कळेल.

दुसरं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, १९५७ सालचं. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशी काजूची नावं ऐकली असतील, ती इथली. आंब्यातही हापूस आणि नीलम यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेला ‘रत्ना’ इथलाच. त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये आलेल्या ‘सिंधू’ची कोय इतकी पातळ असते की बघून हसू येतं. चवीत मात्र दोघांनाही हापूसची गादी मिळाली नाही, हेही खरंच.

ही केंद्रं म्हणजे उद्यानं नव्हेत. कार्यालयाच्या वेळेत जायचं, सुट्टीच्या दिवशी नाही. आधी कार्यालयात जाऊन सांगायचं, गट मोठा असेल तर पत्र द्यायचं. प्रयोगातल्या झाडांना कागदाच्या पिशव्या बांधलेल्या दिसतील, चिठ्ठ्या लटकवलेल्या असतील. त्यांना हात लावू नका. त्या एका पिशवीत कुणाचं तरी चार वर्षांचं काम असतं.

गोव्यातलं कुळागर

गोव्याला जाणारे शंभरातले नव्वद किनाऱ्यावरच थांबतात. फोंड्याकडे वळलात की केरी, सावई वेरे, कुर्टी या भागात पर्यटकांसाठी खुल्या केलेल्या मसाल्याच्या बागा आहेत. तिकिटात फेरफटका, माहिती आणि बहुतेक ठिकाणी केळीच्या पानावरचं जेवण येतं. पाडेली पोफळीवर सरसर चढून, शेंडा झुलवून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो तेव्हा सगळे मोबाईल वर होतात. हा पर्यटकांसाठी केलेला खेळ वाटतो, पण मुळात ही श्रम वाचवण्याची युक्ती आहे. दहा झाडं उतरायची-चढायची कशाला?

मात्र या बागांत ‘दाखवण्यासाठी लावलेलं’ आणि ‘खरं पीक’ यांची सरमिसळ असते. व्हॅनिलाची एक वेल, लवंगेचं एक झाड हे नमुन्यादाखल. खरं कुळागर कुठे सुरू होतं ते बघायचं तर पाण्याच्या मागे जा. डोंगरातली झर, तिथून काढलेला पाट, उताराने एकेका टप्प्यावर फिरवलेलं पाणी. वरच्या रानातली झाडं तोडली की झर आटते आणि खालचं कुळागर वाळतं, हा संबंध इथल्या जाणत्यांना शाळेत न जाताही ठाऊक आहे. मार्च ते मे या काळात काजूच्या डोंगरांवर गेलात तर बोंडू तुडवून रस काढण्याची आणि हुर्राक-फेणीच्या भट्टीची कामं चालू असतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

आता थोडं कान उपटणं

फेब्रुवारी ते मे हे वणव्याचे दिवस. बागेतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. विडी-सिगरेटचं एक थोटूक, नाहीतर ‘कॅम्पफायर’ची हौस, आणि वाऱ्याबरोबर वीस वर्षांची कलमं तासाभरात होरपळतात. दरवर्षी या बातम्या येतात. बागेत आग नाही म्हणजे नाही, चहासाठीसुद्धा नाही.

फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय कैरी तोडून तोंडात घालू नका. मुलांवर लक्ष ठेवा. नारळाखाली गाडी लावू नका, स्वतःही उभे राहू नका. बागेला कुंपणाच्या तारा असतील तर हात लावण्याआधी विचारा, रानडुकरांसाठी सौर कुंपण असू शकतं. जांभ्या दगडांचा गडगा असेल तर त्यावर चढून आत जाऊ नका. एक तर दगड ढासळतात आणि दुसरं म्हणजे त्या सांदीत फुरसं असतं. हा साप लहान आणि मातकट रंगाचा, दगडावर दिसतही नाही, पण विषारी आहे. आडव्या बांबूंचं बेडं असतं, तिथूनच आत जायचं आणि मागे लावून घ्यायचं, नाहीतर गुरं शिरतात. पावसाळ्यात जाणार असाल तर शेवाळलेल्या पायऱ्या आणि कठडा नसलेली विहीर यांची आठवण असू द्या.

खाली पडलेला आंबा ‘पडलेलाच तर आहे’ म्हणून उचलायचा नाही. तो कॅनिंगला जातो, त्याचे पैसे होतात. विचारलंत तर बहुतेक वेळा मालक स्वतःच चार चांगले आंबे हातात ठेवतो.

राहायचं असेल तर एवढं बघा : महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि त्यात पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. ‘अॅग्रो टुरिझम’ची पाटी लावून आत फक्त जलतरण तलाव आणि चार शोभेची झाडं असलेली रिसॉर्टही आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे मालकाला विचारायचं, यंदा पीक कसं आहे? तो पाच मिनिटं बोलत राहिला तर जागा बरोबर आहे.

येताना काय आणाल?

कोकम आगळ, आमसुलं, ओल्या काजूगराचे दिवस असतील तर तेही, आणि जायपत्री. पण बागप्रेमी असाल तर कलम आणा. विद्यापीठाच्या रोपवाटिकांत आंबा, काजू, कोकम, जायफळाची कलमं मिळतात. पावसाळ्याच्या तोंडाला मागणी इतकी असते की आधी फोन करून चौकशी केलेली बरी. घेताना जोड कुठे आहे ते बघून घ्या : खोडावर जमिनीपासून थोडं वर गाठीसारखी खूण दिसते. लावताना तो जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि काठीचा आधार द्यायला हवा. पुढची दोन-तीन वर्षं जोडाच्या खालून कोवळी फूट येत राहते, ती दिसेल तशी खुडायची. कौतुकाने वाढू दिलीत तर ती वरच्या हापूसला मारून टाकते आणि पाच वर्षांनी तुमच्या दारात रायवळ आंब्याचं झाड उभं असतं.